ताहरच्या मागे: उभ्या डोंगरातली शिकार माणसाला कुठे गाठते

१९०४ साली इंग्लंडातल्या ड्यूक ऑफ बेडफर्डने न्यूझीलंडला भेट म्हणून ताहर पाठवले. ताहर म्हणजे हिमालयातला रानबोकड. आपल्या निलगिरी ताहरचा नावापुरता भाऊबंद. त्यातली पाच जनावरं माउंट कुकच्या पायथ्याशी मोकळी सोडली. तीन वर्षांनी ऑस्ट्रियाच्या सम्राटाने, फ्रान्झ जोसेफने, आल्प्समधले शॅमॉय, म्हणजे तिथले रानबकरे, पाठवले. हेतू सरळ होता: विलायतेतल्या हौशी शिकाऱ्यांनी यावं आणि देशाला चार पैसे मिळावेत. गंमत अशी, की वटवाघळं सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नाही. म्हणजे ताहरला खाणारंही कोणी नाही. मग जे व्हायचं तेच झालं. बोकड वाढले, डोंगरमाथ्यावरची नाजूक झाडंझुडपं फस्त करू लागले, आणि १९९३ मध्ये सरकारला आराखडा करून ठरवावं लागलं, की देशात १०,००० च्या वर ताहर नकोत.

आपल्याकडे हाच प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात लावला तर तुरुंग. तिकडे शस्त्रपरवाना असला की सरकारी जमिनीवर शिकारीचं परमिट फुकट मिळतं. मारा म्हणतात, उपकार होतील.

माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, पंधरा वर्षांपासून क्राइस्टचर्चला आहे आणि हिवाळ्यात ताहरच्या मागे जातो. मी सह्याद्रीत भटकणारा माणूस, बंदूक कधी हातात धरलेली नाही, आणि शिकारीविषयी माझं मत त्याला ठाऊक आहे. त्यावर आम्ही भांडत नाही. पण त्याच्याकडच्या डोंगरात शिकारी मरतात, त्यातले बरेच चांगले तयारीचे असतात, आणि मरतात ते बंदुकीने क्वचितच, हे ऐकल्यावर मला कुतूहल वाटलं. डोंगर तर आम्हीही चढतो. मग शिकाऱ्याच्या वाट्याला वेगळं काय येतं?

वाट कोणी ठरवली?

गडावर जाणारी वाट माणसाने माणसासाठी केलेली असते. कितीही बिकट असली, तरी कधीकाळी त्यावरून कोणीतरी धान्याचं पोतं वर नेलेलं असतं. कातळटप्पा आला तर खोबणी असतात, नाहीतर गावातला वाटाड्या असतो. ट्रेकर आदल्या दिवशी ठरवतो: अमुक सोंडेने चढायचं, तमुक नाळेने उतरायचं.

शिकाऱ्याची वाट जनावर ठरवतं. आणि ताहरचं सगळं शहाणपण एका गोष्टीत आहे: धोका दिसला की जिथे दुसरं कोणी येऊ शकणार नाही तिथे जाऊन उभं राहायचं. त्याचा खूर बघण्यासारखा असतो. बाहेरची कड नखासारखी टणक, आणि आतला तळवा रबरासारखा मऊ. कड खडकाच्या चिरेत रुतते, तळवा गुळगुळीत कातळाला चिकटतो. शिवाय चार पाय. सत्तर किलोच्या वर भरणारा बोकड कड्यातल्या हातभर रुंदीच्या कातळफळीवर सहज वळतो. आपल्या बुटाला कड आणि तळवा हा भेदच नाही, आणि पाय दोनच.

म्हणजे शिकारी ज्याच्यामागे चाललाय तो प्राणी मुद्दाम त्याला न झेपणाऱ्या जागेकडे जातो. पावलापावलाने. एकदम कोणी कड्यावर जात नाही. 'अजून त्या टेपाडापर्यंत जाऊ, तिथून नीट दिसेल' असं चार वेळा झालं की माणूस अशा जागी उभा असतो, जिथे यायचं त्याने सकाळी कबूलच केलं नसतं.

यात वारा आपली भर घालतो. ताहरचं नाक तिखट, त्यामुळे वारा नेहमी जनावराकडून आपल्याकडे यायला हवा. डोंगरात पहाटे थंड, जड हवा उतारावरून खाली सरकत असते. ऊन पडलं, उतार तापला, की हीच हवा वर चढू लागते. दिवसभर खालून वर वाहणाऱ्या वाऱ्यात खाली थांबलेल्या माणसाचा वास थेट कळपापर्यंत पोचतो. शिवाय ताहर नजर ठेवतात ती मुख्यतः खाली. तेव्हा शिकाऱ्याने त्यांच्यापेक्षा वर असावं हे उत्तम. त्यासाठी तो अंधारात चढायला लागतो आणि ऊन येईपर्यंत धारेवर पोचतो. आता उरलेला हिशेब बघा. ताहरचा माजाचा काळ मेपासून जुलैपर्यंत, तेव्हा नर आयाळ फुलवून माद्यांजवळ येतो आणि शिकारीही तेव्हाच येतात. तो तिकडचा ऐन हिवाळा. जूनमध्ये दिवस जेमतेम नऊ तासांचा, खोल दरीत त्याहून कमी. दिवसभर वर थांबून संध्याकाळी जनावर हाती लागलं, की उतरायची वेळ होते तेव्हा अंधार पडलेला असतो. हे आळसामुळे होत नाही, शिकारीच्या गणितातच ते बसलेलं आहे.

गवतावरचे दोन सेकंद

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी दादाकडे गेलो होतो. टेकापो तळ्याच्या वरच्या अंगाला एका खोऱ्यात तो मला घेऊन गेला. रायफल त्याच्या पाठीवर होती, पण जायचं ते फक्त बघायला, असं ठरलं होतं. बर्फ माथ्यावरच होतं. आम्ही होतो गवतात. स्नोग्रास म्हणतात त्याला. गुडघ्याएवढे पिवळट झुपके, लांब पाती, आणि सगळी पाती उताराच्या दिशेने विंचरल्यासारखी पडलेली. मला तर ओळखीचंच वाटलं. डिसेंबरात आपल्याकडे वाळलेल्या गवतावरून बूट सटकतो, तसंच काहीसं.

उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावरून आम्ही दक्षिणेच्या अंगाला वळलो. इथे एक गोष्ट डोक्यात उलटी करून घ्यावी लागते. आपल्याकडे थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, तिकडे उत्तरेला. दक्षिणेचं अंग सावलीत राहतं आणि हिवाळ्यात दुपारीही तिथलं दहिवर वितळत नाही. मी तिसरंच पाऊल टाकलं आणि बसलो. बसलो म्हणजे बसकण मारली, आणि बसल्या जागीच निघालो. दोनेक मीटर गेलो असेन. एक जाड झुपका मांडीखाली आला आणि थांबलो. हातात उपटलेल्या गवताची पाती होती, तळव्यावर कागदाने कापावं तसे बारीक चरे. मी हसलो. दादा हसला नाही.

"खाली बघ," तो म्हणाला.

खाली तीसेक मीटरवर उतार संपत होता. पुढे दरीपलीकडचा डोंगर दिसत होता, मधलं काहीच दिसत नव्हतं.

घरी आल्यावर मी गणित मांडलं. घरातला जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. हा उतार ४० धरू. गोठलेलं गवत आणि अंगात पावसाळी नायलॉनची पँट, म्हणजे घर्षण नावापुरतंच. अशा उतारावर पहिले १० मीटर घसरायला दोन सेकंदही लागत नाहीत आणि तोवर वेग ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास गेलेला असतो. दुमजली घराच्या गच्चीवरून पडलेला माणूस साधारण याच वेगाने जमिनीवर आपटतो. वीस मीटरपर्यंत वेग पन्नाशी ओलांडतो. 'घसरलो तर काहीतरी पकडेन' हा जो आपल्याला भरवसा असतो, त्याला मिळणारा वेळ एवढाच. पहिल्या सेकंदात थांबलात तर थांबलात. बर्फावर गिर्यारोहक बर्फकुऱ्हाड पोटाखाली घेऊन, तिचं टोक रुतवून स्वतःला रोखतात. ती युक्तीही त्याच पहिल्या सेकंदाची आहे, आणि तिला सराव लागतो. शिकाऱ्याची कुऱ्हाड बहुधा सॅकला बांधलेली असते, कारण हातात दुर्बीण नाहीतर रायफल असते.

पाठीवरच्या रायफलचंही एक वेगळंच दुखणं. नळी डोक्याच्या वर हातभर येते. आडव्या वाटेवर कातळाखालून वाकून जाताना ती वरच्या दगडाला लागते आणि मागून कोणी ढकलावं तसा माणूस दरीकडे झुकतो. वाचायला किरकोळ वाटतं, पण अरुंद फळीवर तेवढा धक्का पुरतो.

गोळी

बंदुकीविषयी थोडक्यात. न्यूझीलंडमध्ये परवाना घेताना शस्त्रसुरक्षेचे सात नियम पाठ करावे लागतात. डोंगराच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा नियम असा, की प्रत्यक्ष झाडायची वेळ येईपर्यंत नळीत काडतूस घालायचं नाही. कारण वर सांगितलंच: घसरणं अटळ आहे, घसरताना बोट कुठे जाईल याची हमी नाही. लक्ष्य नक्की काय आहे याची पूर्ण खात्री करा, हा दुसरा. जंगलात हरणांच्या मागे गेलेल्या शिकाऱ्यांनी आपल्याच सोबत्याला गोळी घातल्याच्या घटना तिकडे झालेल्या आहेत. उघड्या डोंगरात हा धोका कमी.

उभ्या उतारावर नेमही चुकतो, आणि तो कसा चुकतो ते समजून घेण्यासारखं आहे. गोळी जाता जाता खाली पडत असते. ती किती पडणार हे तिरक्या अंतरावर ठरत नाही, आडव्या अंतरावर ठरतं. बोकड ४० अंश खाली, ३०० मीटरवर असेल तर आडवं अंतर २३० मीटरच भरतं. ३०० चा हिशेब करून मारलेली गोळी वरून जाते. नवखा मग दुसरी मारतो, घाईने. जनावर जखमी होतं आणि आणखी अवघड जागी जाऊन बसतं. जखमी जनावर तसंच सोडून येणं कुठल्याही शिकाऱ्याला लाजिरवाणं वाटतं. तो मागे जातो.

आणि इथून पुढे खरा घोळ सुरू होतो.

उतरणं

जुने शिकारी चाप ओढण्याआधी एक प्रश्न विचारतात: हा पडला तर कुठे जाईल? उभ्या डोंगरात मेलेलं जनावर जागेवर राहत नाही. गडगडत तीनशे फूट खाली जातं, किंवा मधल्याच एखाद्या फळीवर अडकतं. दिसतं, पण पोचता येत नाही. नेम धरताना डोळ्यांपुढे फक्त जनावर असतं. ते पडल्यावर लक्षात येतं, की आपण त्याच्यापर्यंतची वाट पाहिलीच नाही. अशा वेळी 'जाऊ दे' म्हणायला जो कणखरपणा लागतो तो दहा तासांच्या पायपिटीनंतर फारसा शिल्लक नसतो. पैसे गेलेले, रजा गेलेली. तिकडच्या काही राखीव रानांत तर हेलिकॉप्टरने उतरायची पाळी सोडतीने मिळते, ठरावीक दिवसांसाठी. पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. एव्हरेस्टवाल्यांना शिखर समोर दिसत असताना जे होतं, तेच इथे फळीवर पडलेल्या बोकडाकडे बघताना होतं.

समजा पोचला. आता कातडं, शिंगांसकट डोकं आणि मांस. पाठीवरचं ओझं बघता बघता ३० किलोच्या वर जातं, आणि ते उंच बांधलेलं असतं. शरीराचा तोल वर सरकतो. सपाटीवर जे डगमगणं एका पावलात सावरतं, ते उतारावर सावरत नाही, कारण सावरायला पुढे टाकलेलं पाऊल दीड फूट खाली जातं.

हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने उतरलेल्या कोणालाही विचारा, चढण सोपी होती असंच तो सांगेल. त्यामागे कारण आहे. चढताना मांडीचे स्नायू आखडतात आणि शरीर वर ढकलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना ब्रेकचं काम करतात. हे काम दम लावत नाही, त्यामुळे थकवा कळत नाही. पण स्नायूंचे तंतू आतून झिजत असतात. तासाभराने पाय लटपटायला लागतात तेव्हा धावपळ काहीच केलेली नसते, म्हणून माणूस त्या लटपटण्याकडे दुर्लक्ष करतो. शिवाय चढताना पुढची पकड डोळ्यांसमोर असते. उतरताना ती पोटाखाली असते, आणि पुढे सॅकचा पट्टा.

यातून शिकाऱ्याला सगळ्यात भोवणारी चूक होते. थकलेला माणूस सकाळच्या वाटेने परतत नाही. सकाळी दोन डोंगर वळसा घालून आलेला असतो, आणि आता तंबू समोर, खाली, नदीकाठी दिसतोय. मधली घळ सरळ तिकडेच जातेय. तो घळीत उतरतो. उतार वरून पोट फुगल्यासारखा असेल तर खालचा कडा वरून दिसतच नाही, गवत जिथे संपतं तिथून थेट नदी दिसते आणि सगळं सलग वाटतं. नकाशा बघावा तर तिकडचे नेहमीचे नकाशे २० मीटरच्या समोच्च रेषांचे, म्हणजे उंचीत दर २० मीटरला एक रेष. पंधरा मीटरचा कडा दोन रेषांच्या मधल्या जागेत बेमालूम लपतो. पाच मजली इमारत कागदावर नसतेच. माणूस एक टप्पा उडी मारून उतरतो, दुसरा घसरत उतरतो, आणि तिसऱ्याशी येऊन थांबतो. खाली जाता येत नाही. मागे वळून बघतो तर उडी मारलेला टप्पा चढता येत नाही.

हे दुखणं जुनं आहे. ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या पश्चिमेला मार्टिन्सव्हांड नावाचा कडा आहे. पंधराव्या शतकात राजपुत्र मॅक्सिमिलियन, जो पुढे पवित्र रोमन सम्राट झाला, तो शॅमॉयच्या मागे तिथे चढला आणि ना वर ना खाली असा अडकला, अशी दंतकथा सांगतात. खालून लोक बघत होते, कोणालाच जाता येईना, शेवटी देवदूत शेतकऱ्याच्या वेषात आला आणि त्याला उतरवून घेऊन गेला. दंतकथेतला देवदूत सोडला तर बाकी सगळं आजच्या शोधपथकाच्या अहवालात शोभेल असं आहे. राजपुत्र आणि चांगला शिकारी असून तो अडकला, आणि ज्या वाटेने वर गेला त्या वाटेने त्याला उतरता येईना.

दादाचा नियम साधा आहे. ज्या टप्प्यावरून परत वर चढता येईल याची खात्री नाही, तो उतरायचा नाही, भले तंबू हाकेच्या अंतरावर असो. रात्र उघड्यावर काढावी लागली तर काढायची. त्याने एकदा काढलीय. झुपक्यांच्या मागे सॅक पसरून, कातडं अंगावर घेऊन. "बोकडाचा वास महिनाभर गेला नाही," एवढंच सांगतो.

रव्यावरची वडी

हिवाळ्यात बर्फाचा धोका वेगळा सांगायला हवा, कारण आपल्या डोंगरांत त्याची सवय नाही. हिमलोट म्हणजे वरून कोसळणारा बर्फाचा ढिगारा, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. माणसं मारणारा हिमलोट बहुतेक वेळा तसा नसतो. ताटात रव्याचा पातळ थर पसरावा, त्यावर थापलेली वडीची अख्खी लादी अलगद ठेवावी आणि ताट तिरकं करावं. एका क्षणी लादी सबंध सरकते. बर्फाचे थर वेगवेगळ्या दिवशी पडतात. थंड रात्रींमध्ये एखाद्या थराचे कण साखरेसारखे सुटे होतात, त्यावर वारा नवा, घट्ट थर आणून बसवतो. वरून सगळं एकसारखं पांढरं. माणसाचं वजन पडलं की खालचा रवा मोडतो आणि वरची लादी, तो उभा असलेल्या जागेसकट, निघते. म्हणून हिमलोटात सापडणाऱ्या दहातल्या नऊ जणांचा हिमलोट त्यांनी स्वतःच, नाहीतर त्यांच्या सोबत्याने सुरू केलेला असतो.

हे होतं ते मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. त्याहून कमी असेल तर सरकत नाही, फार उभा असेल तर बर्फ साठतच नाही. आणि ताहरच्या मागे जाताना आडवे ओलांडावे लागतात ते उतार नेमके याच मापाचे. बोकडाच्या पावलांचे ठसे दिसले म्हणून उतार पक्का आहे असं समजण्यात अर्थ नाही. तो गेला तेव्हा थर धरला, एवढंच त्यावरून कळतं. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर तो बहुधा वाचतो. अर्धा तास उलटला की आशा झपाट्याने संपते. म्हणजे वाचवणारा सोबतच असायला हवा, त्याच्याकडे फावडं हवं, दोघांच्या अंगावर शोधयंत्र हवं. स्कीवाले हे सगळं नेतात. शिकारी स्वतःला बर्फातला माणूस समजत नाही, त्यामुळे तो बहुतेकदा नेत नाही.

दुसरा सापळा धारेवर. पलीकडच्या अंगाला काय आहे ते बघायला शिकारी पोटावर सरपटत कडेपर्यंत जातो, डोकं वर काढायचं नाही म्हणून. वाऱ्याने तिथे कडेबाहेर बर्फाचा सज्जा काढलेला असतो. वरून तो जमिनीसारखा दिसतो, खाली नुसती हवा. मोडतो तेव्हा माणसाच्या अंदाजापेक्षा बराच आतून मोडतो.

पाणी, आणि बसून राहणं

एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडमध्ये इतकी माणसं नद्यांत बुडत, की बुडून मरण्याला 'न्यूझीलंडचं मरण' म्हणत. आजही डोंगरात तो धोका पहिल्या काहींत आहे. सदर्न आल्प्सची रांग समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांच्या आडवी उभी आहे, अगदी आपल्या सह्याद्रीसारखी. फक्त उंची दुपटीहून जास्त. पश्चिम अंगाच्या क्रॉप नदीच्या खोऱ्यात वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट. हा पाऊस रांगेच्या माथ्यावरून पलीकडे सांडतो आणि पूर्वेच्या खोऱ्यांत, जिथे शिकारी कोरड्या हवेत बसलाय, तिथल्या नद्याही काही तासांत फुगतात. सकाळी घोट्याएवढा ओलांडलेला ओढा संध्याकाळी मांडीपर्यंत येतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, आणि पाठीवर ३० किलो आहेतच. तिकडे शिकवतात ती परीक्षा मला फार आवडली: पाण्यात काडी टाकायची आणि तिच्याबरोबर काठाने चालायचं. चालून गाठता येत नसेल तर पाण्यात उतरायचं नाही. पाणी गढूळ असेल, किंवा तळातून धोंडे गडगडल्याचा आवाज येत असेल, तर काडी टाकायचीही गरज नाही. तंबू टाकायचा आणि चहा करायचा.

थंडीही इथे ट्रेकरपेक्षा वेगळ्या तऱ्हेने गाठते. ट्रेकर चालत राहतो. शिकारी अंधारात घाम येईपर्यंत चढतो आणि मग त्याच ओल्या बनियनवर वाऱ्यात चार चार तास दुर्बीण लावून निश्चल बसतो. शरीराची भट्टी विझलेली, कपडे ओले. आधी बोटं ऐकत नाहीत, मग बोलणं अडखळतं, मग निर्णय बिघडतात. वाईट भाग हा, की निर्णय बिघडलेत हे ज्याने ओळखायचं तोच बिघडलेला असतो. एकटा गेलेल्याला सांगणारं कोणी नसतं. आपल्याकडची सुती बनियनची सवय तिकडे पहिल्या दिवशी मोडावी लागते. माझी दादाने गाडीतच मोडली, सरळ काढून घेतली आणि स्वतःची लोकरीची दिली.

बोलावणं

तिकडे बरेच शिकारी खिशात आणीबाणीचं बीकन ठेवतात. बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक जाते, तिथून राष्ट्रीय बचाव केंद्राला. अतिशय चांगली वस्तू. पण तिच्याकडून किती अपेक्षा करायची हे ठाऊक हवं. अरुंद घळीत आकाशाची पट्टीच दिसत असेल तर संदेश उशिरा जातो. वायव्येचा वारा सुटला, ढग खाली आले, तर हेलिकॉप्टर उडत नाही आणि मदत पायी येते, कदाचित दुसऱ्या दिवशी. आणि बटण दाबायला माणूस शुद्धीवर लागतो, बीकन अंगावर लागतं. सॅकच्या कप्प्यात ठेवलेलं बीकन सॅकबरोबर दरीत जातं. दादा ते छातीवरच्या खिशात दोरीने बांधून ठेवतो.

त्याहून मला लक्षात राहिला तो फ्रीजवरचा कागद. निघताना त्याने लिहिला: कुठलं खोरं, गाडी कुठे लावणार, कोण कोण, कपड्यांचे रंग. खाली दोन वेळा. परतीची वेळ, संध्याकाळी ७. आणि त्याखाली 'घाबरायची वेळ', रात्री ११. मी म्हटलं, हे काय नवीन? तो म्हणाला, "सातला नाही आलो तर तुझी वहिनी काळजी करणार, करू दे. पण फोन अकराला करायचा. त्याआधी नाही. म्हणजे उशीर झाला म्हणून मी अंधारात कड्यावरून धावत सुटत नाही."

त्या दिवशी आम्ही ताहर पाहिले, सात माद्या आणि एक मोठा नर, पलीकडच्या कड्यावर. रायफल खांद्यावरून उतरली नाही. परतताना त्या गोठलेल्या अंगाने यायचं मी नाकारलं, मग उन्हाच्या बाजूने दीड तासाचा वळसा पडला. घरी पोचलो तेव्हा दहाला वीस मिनिटं होती. वहिनी स्वयंपाकघरातच होती, भात दुसऱ्यांदा गरम करत. तिने आम्हाला काही विचारलं नाही. फ्रीजवरचा कागद काढला, दोन तुकडे केले आणि पानं घ्यायला लागली.